‘फांदी’ नक्की कुणाची?

ललिता ठोंबरेला डेन्मार्कहून मेल आली तेव्हा तिला वाटलं, ही दुसऱ्याच कुणाची तरी चुकून आपल्याकडे आली. डेन्मार्कमध्ये तिला कुणी ओळखण्याचं काही कारण नव्हतं. कोथरूडमध्येसुद्धा लोक तिला ओळखत ते दुसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई म्हणून. संध्याकाळी ती हॉलमध्ये सतरंजी पसरून दहावीच्या मुलांची शिकवणी घेई, आणि जिन्यात चपलांचा ढीग पडतो म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी फळ्यावर खोचक सूचना लिहीत: ‘जिना हा वर येण्यासाठी असतो, वहाणा सोडण्यासाठी नव्हे.’ तिची प्रसिद्धी ती एवढीच.

मेल हेन्रिक नावाच्या माणसाची होती. त्याने लिहिलं होतं की, तुमचा ‘फँडी’ आमच्याकडे माशांवर काम करणारे लोक कित्येक वर्षं वापरतात. चित्रं फार सुरेख येतात. आम्ही काही हौशी मंडळी सर्वांसाठी खुल्या असलेल्या प्रोग्रॅमचा एक संग्रह चालवतो, त्यात तो घ्यायचा आहे. पण त्याचं लायसन्स कुठेच लिहिलेलं नाही. ते नसेल तर आम्हाला त्याला हातही लावता येत नाही. कृपया कळवावे.

फँडी? ललिताने शब्द दोनदा वाचला, आणि मग एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला. फांदी! बाप्पा, फांदी अजून जिवंत आहे?

ललिता मूळची वाशीमकडची, कारंज्याची. संख्याशास्त्र शिकायला पुण्यात आली आणि इथेच राहिली. नव्वदनंतर परदेशी बियाणं कंपन्या देशात यायला लागल्या, तेव्हा मार्केट यार्डातले बियाण्यांचे जुने व्यापारी महिपतराव ढमढेरे यांनी त्यांचा धसका घेतला आणि आपल्याही कंपनीत एक संशोधन विभाग काढला. विभाग म्हणजे गोदामाच्या माळ्यावरची एक खोली, एक कॉम्प्युटर आणि दोन माणसं. एक ललिता, दुसरा हिंजवडीचा बद्रीनाथ जांभूळकर. तोही संख्याशास्त्राचाच, तिच्याहून थोडा लहान.

त्यांचं पहिलं मोठं काम कांद्याचं होतं. गावोगावचे शेतकरी आपापल्या घरचं कांद्याचं बी राखून असत. त्यातलं खरोखर वेगळं कोणतं, आणि एकच वाण दहा गावांत दहा नावांनी कोणता नांदतोय, हे महिपतरावांना हवं होतं. दोघांनी प्रत्येक कांद्याचा रंग, आकार, तिखटपणा, किती दिवस टिकतो, असं सगळं मोजलं. मग सारख्याला सारखं जोडत जायचं. सर्वांत जवळचे दोन एकत्र बांधायचे, त्यांच्या जवळचा तिसरा त्यांना जोडायचा, असं करत करत शेवटी सगळ्यांची एक मोठी वंशावळ तयार होते. एखाद्या झाडासारखी, खाली कांद्यांची नावं, वर फांद्या. याला क्लस्टर अ‍ॅनालिसिस म्हणतात. ते झाड काढून देणारे प्रोग्रॅम परदेशात मिळत, पण महिपतराव म्हणाले, “दोन शिकलेली माणसं माळ्यावर बसवलीत, ती काय कांदे सोलायला?” तेव्हा दोघांनी मिळून स्वतःचा लिहिला. त्याचं नाव ‘फांदी’.

पुढे विभाग बंद झाला. बद्रीनाथ गावी गेला, ललिताला मुलगी झाली, शिकवण्या सुरू झाल्या. विद्यापीठातल्या एका ओळखीच्या बाईंनी ‘फांदी’ त्यांच्या विभागाच्या वेबसाइटवर ठेवू का, असं विचारलं होतं. ललिता म्हणाली होती, ठेवा, कुणाला लागला तर लागो. त्यानंतर तिने तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

तिने हेन्रिकला ताबडतोब उत्तर लिहिलं. प्रोग्रॅम फुकटच ठेवलेला आहे, कुणीही वापरावा, लायसन्सची गरज नाही.

त्याचं उत्तर आलं ते वाचून ती चक्रावली. लायसन्स नसेल तर प्रोग्रॅम फुकट होत नाही, उलट पूर्ण बंद होतो, असं तो म्हणत होता. ज्याने लिहिलं त्याचा हक्क आपोआप असतो. परवानगी लिहून दिली नाही तर कायद्याने कुणालाही त्याची प्रत काढता येत नाही, बदल करता येत नाहीत. ‘आजवर जे लोक वापरत होते ते एका अर्थी चोरून वापरत होते,’ असं त्याने लिहिलं होतं आणि पुढे हसरा चेहरा काढला होता.

रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. शंभू भोसरीच्या कारखान्यात सुपरवायझर होता. कुठल्याही गोष्टीचा जॉब कार्डावर नंबर असला की त्याला बरं वाटे.

“अहो, दार उघडं ठेवलं होतं मी. आणि तो म्हणतो, उघडं दार म्हणजे कुलूप.”

“मग पाटी लाव. ‘आत या’ अशी.”

“तीच तर मागतोय तो. पण पाटीवर काय लिहायचं याचेच प्रकार आहेत.” हेन्रिकने दोन-तीन लायसन्सचे मसुदे पाठवले होते. तिने त्यातलं तिला समजलं तेवढं सांगितलं. “एकात म्हटलंय, कुणीही वापरा, बदला, विकासुद्धा.”

शंभूचा घास थांबला. “विका? म्हणजे आपण पाणपोई घालायची आणि लोकांनी ते पाणी बाटलीत भरून विकायचं?”

“तसंच दिसतंय.”

“मग आपण कशाला फुकट द्यायचं?”

खरं म्हणजे ललिताने हेन्रिकला नको म्हणून सांगायला काही हरकत नव्हती. पण माशांवर काम करणारी ती अनोळखी माणसं तिच्या डोळ्यांपुढे येत राहिली. आपण कांद्यांसाठी काढलेल्या झाडावर ती मासे टांगताहेत, या कल्पनेने तिला हसूही येई आणि अभिमानही वाटे.

सोसायटीत तळमजल्यावर हेमा परचुरे वकील होत्या. ललिता मसुदे छापून घेऊन त्यांच्याकडे गेली. वकीलबाईंनी चष्मा वर करून दोन पानं चाळली.

“मी साठेखतं करते, खरेदीखतं करते. फुकट द्यायची वस्तू घेऊन माझ्याकडे आजवर कुणी आलं नाही. द्यायचंच आहे ना? बक्षीसपत्र करा.”

“तसंच काहीतरी करायचं आहे.”

“कुणाच्या नावे?”

“सगळ्यांच्या.”

“सगळ्यांचा पत्ता काय?”

हेमाताईंना स्वतःचंच बोलणं आवडलेलं दिसलं, पण मग त्या जरा नरमल्या. “हे बघा, हे माझं क्षेत्र नाही. पण एक सांगते, जे तुमचं नाही ते तुम्हाला देता येत नाही. नोकरीत असताना लिहिलंत ना? मग ते मालकाचं असणार. आधी त्यांना विचारा.”

म्हणजे आता फांदी तिची नव्हतीच. आली होती पाटी रंगवायला आणि घरच दुसऱ्याचं निघालं. ललिता जिना चढून वर आली ती दोन्ही मजल्यांवर थांबत.

महिपतराव अजून मार्केट यार्डातल्या दुकानात बसत. मुलगा सगळं बघे. हे गादीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारत. ललिताला त्यांनी लगेच ओळखलं.

“या बाई. कांदे काय म्हणतात?”

ललिताने आपलं काम सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाच ते इतकं विचित्र वाटत होतं की मध्येच ती अडखळली. महिपतरावांनी सगळं ऐकून घेतलं.

“तो प्रोग्रॅम माझा आहे, असं मला आज कळतंय,” ते म्हणाले. “आणि कळल्या कळल्या तो मी सोडून द्यावा, असंही तुम्हीच सांगताय.”

“म्हणजे... तुमची हरकत नसेल तर.”

“आमच्याकडून बी नेलं की पीक शेतकऱ्याचं. आम्ही कधी कणगीत वाटा मागायला गेलो नाही.” त्यांनी मुलाला हाक मारली आणि कंपनीच्या कागदावर चार ओळी टाइप करून घेतल्या. या प्रोग्रॅमवर कंपनीचा काही दावा नाही, तो ज्यांनी लिहिला त्यांचाच आहे. सही ठोकून म्हणाले, “जांभूळकरांच्या पोराला माझा नमस्कार सांगा. त्याचं डोकं चालायचं बरं का.”

त्या शेवटच्या वाक्याने ललिताच्या मनात कुठेतरी खट्ट झालं. ते वाक्य घेऊनच ती बसमध्ये बसली.

कारण ‘फांदी’त एक गोष्ट अशी होती की जिच्यामुळे लोकांना ती चित्रं सुरेख वाटत. झाडाच्या प्रत्येक सांध्यावर दोन फांद्या असतात. डावी उजवीकडे नेली आणि उजवी डावीकडे आणली तरी नातं बदलत नाही. भावाभावांनी जेवताना जागा बदलली म्हणून भाऊबंदकी बदलत नाही, तसं. पण चित्र मात्र पार बदलतं. दुसरे प्रोग्रॅम फांद्या कशाही टाकत. ‘फांदी’ मात्र त्या अशा फिरवी की ज्यांचं एकमेकांशी साम्य आहे ते शेजारी यावेत. लाल कांद्यांकडून हळूहळू पांढऱ्यांकडे जाता यावं. हे करणारा भाग दोनेक पानांचाच होता, त्याला त्यांनी ‘पालट’ असं नाव दिलं होतं. हेन्रिकच्या पहिल्या मेलमध्येही त्याचंच कौतुक होतं. आणि ललिताच्या आठवणीत ‘पालट’ लिहिला होता बद्रीनाथने.

घरी येऊन तिने हेन्रिकला महिपतरावांच्या पत्रातला मजकूर कळवला. त्याने विचारलं, ‘ज्यांनी लिहिला’ म्हणजे कुणी कुणी? प्रत्येकाची संमती लागेल. एक जरी राहिला तरी लायसन्स लावता येणार नाही.

रविवारी ती हिंजवडीला गेली. माळ्यावरच्या दिवसांत बद्रीनाथ गावच्या उसाच्या गोष्टी सांगे. आता ऊस कुठे दिसेना. काचेच्या इमारती, त्यांच्या भिंतींना टेकून पोरांची हॉस्टेलं, आणि रस्ताभर कंपन्यांच्या बसगाड्या. त्यातल्या बऱ्याच गाड्यांवर ‘जांभूळकर ट्रॅव्हल्स’ असं लिहिलेलं होतं. जमीन गेल्यावर बद्रीनाथने गाड्या घेतल्या होत्या आणि तो सकाळ-संध्याकाळ आयटीवाल्यांची ने-आण करत होता. घर नवं, दुमजली, पुढे फरशीचं अंगण, अंगणात दोन बसगाड्या.

“मॅडम!” तो गाडीखालून बाहेर आला. हात ग्रीसने माखलेले. सुटलेलं पोट सोडलं तर तसाच होता. “अहो, फोन करायचा की. न्यायला गाडी पाठवली असती.”

आत त्याचे वडील गेनबा कोचावर मांडी घालून बसले होते. आई सरुबाईंनी पाणी आणलं. ललिताने पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. बद्रीनाथ ऐकत होता, हसत होता.

“फांदी अजून चालतीय? डेन्मार्कात? मी तर सी भाषा विसरलोसुद्धा. काय सही पाहिजे ती घ्या.”

“सही पाहिजेच. पण तुमचं नाव पहिलं घालायचं आहे. ‘पालट’ तुमचा.”

बद्रीनाथचं हसू थांबलं. “माझा? मॅडम, ‘पालट’ तुम्ही लिहिला.”

“छे! मी झाड काढण्याचा भाग लिहिला. पालट तुम्ही.”

“उलट आहे. आकडे वाचणं, छपाई, ते माझं. पालट तुमचा. मला त्यातलं कधी पुरतं कळलं पण नव्हतं.”

ललिताला वाटलं तो मस्करी करतोय. पण तो गंभीर होता. तिने त्याला आठवण करून दिली. वीज गेली होती, माळ्यावर उकडत होतं, आणि त्याने सुतळीला काड्या बांधून त्यांना खाली कांदे लटकवले होते. एकेक काडी बोटाने फिरवून तो म्हणाला होता, बघा, गाठ सुटत नाही, पण शेजार बदलतो.

“सुतळी बरोबर,” बद्रीनाथ म्हणाला. “काड्या पण बरोबर. पण त्या तुम्ही बांधल्या. मी खालून कांदे आणून दिले. फिरवून तुम्ही दाखवलं. मला डोळ्यांसमोर दिसतंय, तुमची हिरवी ओढणी त्या काड्यांत अडकली होती.”

“माझ्याकडे हिरवी ओढणी नव्हतीच.”

“आता ओढणी मी कशाला खोटी सांगू?”

गेनबा मघापासून दोघांकडे आळीपाळीने बघत होते. “जमिनीचा वाद हाय का काय?”

“तसंच समजा, बाबा,” ललिता म्हणाली.

“सातबारा कुणाच्या नावावर हाय?”

“अजून कुणाच्याच नाही. तोच करायचा आहे. मी म्हणते ह्यांचा, हे म्हणतात माझा.”

म्हाताऱ्याने पटका सारखा केला. “वाद म्हंजी ‘माझा, माझा’ म्हणून अस्तोय. ‘तुझा, तुझा’ म्हणून भांडणारी मान्सं मी या गावात बघितली न्हाईत.” मग जरा विचार करून ते म्हणाले, “त्यात काय दोष हाय का? म्हणून ढकलताय व्हय एकमेकांवर?”

“दोष नाही. उलट सगळ्यात भारी तुकडा तोच आहे.”

“मग माझ्या डोस्क्याच्या भाईर हाय,” म्हणून गेनबांनी सरुबाईंना चहा टाकायला सांगितलं.

ललिताने ‘पालट’ची छापील पानं बरोबर आणली होती. ती टीपॉयवर पसरून दोघं वाकले. ज्याने लिहिलंय त्याला वाचताना उमगेल, असा तिचा हिशेब. ओळींच्या मधे इंग्रजी लिपीत मराठी टिपणं होती: ‘आता मोठी फांदी धर’, ‘इथे घोळ आहे, उद्या बघू’. अशी टिपणं दोघंही लिहीत. बद्रीनाथने चारपाच ओळींवर बोट फिरवलं आणि मान हलवली. ललिता पुढे सरकली. एका ओळीपर्यंत तिला वाटलं, समजतंय. मग एक अशी उडी होती की तिथे रस्ताच संपला. हे असं का केलं असावं? हे करणारा माणूस हुशार होता एवढंच कळत होतं.

“बघा, तुम्ही निदान अर्ध्यापर्यंत गेलात,” बद्रीनाथ म्हणाला.

“मी रोज दहावीचं गणित शिकवते म्हणून. तुम्ही गाड्या चालवता. त्यावरून काय ठरतं?”

लायसन्स कोणतं घ्यायचं, हे मात्र त्याने चटकन सांगितलं. मसुद्यांपैकी एकात काहीच अट नव्हती. दुसऱ्यात अशी अट होती की जो कुणी हा प्रोग्रॅम पुढे देईल, विकेल, बदलून देईल, त्याने मूळ लिखाणही द्यायचं आणि याच मोकळिकीने द्यायचं.

“अटीचं घ्या,” बद्रीनाथ म्हणाला. “बिनअटीचं दिलं की काय होतं ते आमच्या गावाला विचारा. जमीन गेली ती गेली, वर आमच्याच बांधावरून जायला गेटवर पास दाखवावा लागतो.”

त्याने हात धुऊन संमतीच्या कागदावर सही केली आणि ललिताला गाडीने घरापर्यंत सोडलं. संबंध बस रिकामी होती. पुढच्या सीटवर ती एकटी. वाटेत दोघांनीही तो विषय काढला नाही. मुलांचं, रहदारीचं बोलले.

पण त्या दिवसापासून ललिताचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. आधी गोंधळ बाहेरचा होता, कायद्याचा. आता तो आत शिरला. बद्रीनाथचं खरं असेल तर एके काळी आपण असं काही लिहू शकत होतो, आणि ते आपल्याला आठवतसुद्धा नाही. आणि आपलं खरं असेल तर बद्रीनाथसारख्या माणसाने ते डोकं टायरट्यूबच्या हिशेबात घातलं आणि आपण त्याच्या नावचं कौतुक परदेशातून घेत बसलो. तो भिडेपोटी तर म्हणत नसेल? मॅडम एवढ्या लांब आल्या, त्यांना मोठेपणा देऊ या, असं? की आता गावात राहताना त्याला त्या जुन्या कामाची आठवणच नको आहे? शिकवणीत एकदा ती त्रिकोण काढता काढता फळ्यावर भलतंच झाड काढून बसली. मुलं हसायला लागली तेव्हा भानावर आली.

तिने जुनी ट्रंक उपसून पाहिली. हिरवी ओढणी निघाली नाही. कारंज्याला बहिणीला फोन करून विचारलं, “माझ्याकडे हिरवी ओढणी होती का गं?” बहीण म्हणाली, “होती ना, मीच दिली होती. नाही, थांब, ती मोरपंखी. हिरवी म्हणायची का मोरपंखीला?” ललिताने फोन ठेवून दिला.

“तुला काय व्हावं असं वाटतंय?” शंभूने एकदा विचारलं. “तुझं निघावं की त्याचं?”

“अहो, तेच कळत नाही ना,” ती म्हणाली. “माझं निघालं तर वाईट वाटेल की एवढं होतं आणि सोडलं. त्याचं निघालं तर वाईट वाटेल की माझं काहीच नव्हतं.”

शंभूने यावर पाटीची किंवा पाणपोईची उपमा दिली नाही. उठून दोघांसाठी चहा केला.

शेवटी तिने हेन्रिकला जसं होतं तसं लिहिलं. दोन लेखक आहेत, दोघांची संमती आहे, अटीचं लायसन्स हवं आहे, पण कुठला भाग कुणाचा याबद्दल दोघांचं एकमत नाही. तिला वाटलं, आता हा माणूस हात टेकणार. त्याने लिहिलं, तुमच्यासारखा वाद माझ्याकडे पहिल्यांदाच आला. दोघांची नावं आडनावांच्या क्रमाने लावू. कोणता भाग कुणाचा हे लायसन्सला लागत नाही. फक्त एक सांगा, प्रोग्रॅमची देखभाल कोण करणार? तिथे एकच नाव चालेल.

तिथे मात्र पर्याय नव्हता. बद्रीनाथच्या गाड्यांना सुट्टी नव्हती. ललिताने आपलं नाव लिहिलं. नव्या वर्षात ‘फांदी’ त्यांच्या संग्रहात दाखल झाली. आधी जांभूळकर, मग ठोंबरे. बद्रीनाथला तिने फोनवर सांगितलं तेव्हा मागे बसचे हॉर्न वाजत होते. तो म्हणाला, “आडनावात ज आधी आला म्हणून मी पुढे. लोकांना वाटेल मीच शहाणा.”

देखभाल म्हणजे काय ते तिला उन्हाळ्यात कळलं. ब्राझीलमध्ये बेडकांच्या आवाजावर काम करणाऱ्या एका मुलीची तक्रार आली. दोन जोड्यांमधलं अंतर तंतोतंत सारखं निघालं की प्रोग्रॅम अडकून बसतो, हलतच नाही. ललिताने तपासलं. अडकत होता तो ‘पालट’मध्येच.

शिकवणीला सुट्टी होती. मुलगी आजोळी कारंज्याला गेली होती. ललिताने पानं पुन्हा काढली. सकाळी स्वयंपाक उरकला की ती जेवणाच्या टेबलाशी बसे. सुतळी आणि काड्या आणल्या, कांदे घरात होतेच. खिडकीच्या गजाला झाड टांगलं आणि एकेक ओळ हाताने करून पाहू लागली. शंभू कारखान्यातून आला की कांदे चुकवून वाकून आत येई. पहिल्यांदा त्या उडीपाशी ती अडली, पुन्हा अडली. तिने एक वेगळाच मार्ग करून पाहिला, तो फसला. मग एका दुपारी, काडी फिरवता फिरवता, तिच्या ध्यानात आलं की लिहिणाऱ्याने झाडाकडे वरून पाहिलंच नव्हतं. तो खालून, कांद्यांकडून वर चढत गेला होता. त्या एका गोष्टीनंतर सगळ्या ओळी सरळ झाल्या. घोळही दिसला. बरोबरी झाली की काय करायचं, हे कुठेच सांगितलेलं नव्हतं, म्हणून बिचारा प्रोग्रॅम एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असा फिरतच राहायचा.

ती हात मांडीवर ठेवून बसली. मनात लख्ख उजेड पडला होता. पण हे आत्ता समजलं, की पूर्वी माहीत होतं ते परत वर आलं? बोटांना काड्या ओळखीच्या वाटत होत्या. पण गेले कित्येक दिवस ती त्याच काड्या फिरवत होती, ओळखीच्या वाटणारच. ती डोळे मिटून माळ्यावरच्या त्या दुपारकडे गेली. सुतळी दिसली, काड्या दिसल्या, वीज गेल्यामुळे थांबलेला पंखा दिसला. काडी फिरवणारा हात मात्र कधी बद्रीनाथचा होई, कधी तिचा.

दुरुस्ती चार ओळींची होती. ती तिने करून पाठवली आणि मग बद्रीनाथला फोन केला.

“सापडला घोळ. पालट कसा चालतो ते मला आता पूर्ण कळलं.”

“मग?” तो म्हणाला. “मी काय सांगत होतो? ज्याचं त्यालाच कळतं.”

“असं नाही हो. दुसऱ्याचं लिहिलेलंसुद्धा खपून वाचलं की कळतं.”

“मॅडम, तुम्ही कांदे टांगले होते का या वेळी?”

“टांगले होते.”

“झालं तर मग.”

“अहो, पण ते मी तुमचं बघूनच—” ती म्हणाली, पण पलीकडे कुणीतरी त्याला गाडी काढायला हाक मारत होतं. नंतर बोलू, म्हणून त्याने फोन ठेवला.

चार दिवसांनी ब्राझीलच्या मुलीची मेल आली. बेडकांचं झाड नीट उतरलं होतं, तिने ते सोबत जोडलं होतं. सारख्या आवाजाचे बेडूक शेजारी शेजारी, एका टोकाला खर्जातले, दुसऱ्या टोकाला चिरके. खाली तिने विचारलं होतं, ‘फांद्या फिरवण्याची ही युक्ती आपली का? मला माझ्या प्रबंधात योग्य नाव द्यायचं आहे.’

ललिताने उत्तर लिहायला घेतलं. ‘नाही’ लिहिलं, ते खोडलं. ‘हो’ लिहिलं, तेही ठेववेना. शेवटी तिने लिहिलं की दोघांचीही नावं द्यावीत, आणि झाड फार सुरेख आलं आहे, फक्त डावीकडून तिसऱ्या बेडकाचं नाव शेजारच्यावर चढलंय. ते पुढच्या आवृत्तीत मी बघते. मेल पाठवून ती उठली. खिडकीच्या गजावरचे कांदे सोडले, आणि त्यातले दोन संध्याकाळच्या भाजीसाठी चिरायला घेतले.